ताटातली हळद आणि खिशातली सुपारी

नोव्हेंबर २०२४ मध्ये माजी क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्नीच्या स्तनाच्या कर्करोगावरच्या विजयाचं श्रेय आहाराला दिलं: कडुनिंबाची पानं, हळद, लिंबूपाणी, साखर बंद. काही दिवसांतच टाटा मेमोरियलच्या २६२ आजी-माजी कर्करोगतज्ज्ञांनी पत्रक काढलं की या दाव्यामागे भक्कम पुरावा नाही. पत्नीवर शस्त्रक्रिया आणि केमोथेरपीही झाली होती, आणि आहार हा उपचारांच्या जोडीला होता, असं सिद्धूंनी पुढे स्पष्टही केलं. पण तोवर आपल्या इंदुरात लोकमान्यनगरपासून रामबागेपर्यंत सगळ्या कौटुंबिक व्हॉट्सअॅप गटांत दोन तट पडले होते. ते अजून मिटलेले नाहीत. कधी लक्ष्मणफळाचा काढा, कधी जर्दाळूच्या कडू बिया, कधी गव्हांकुराचा रस असं काहीतरी फिरत येतं आणि तीच भांडणं पुन्हा उभी राहतात. एक बाजू म्हणते, पूर्वजांना सगळं माहीत होतं. दुसरी म्हणते, सगळं थोतांड आहे. दोघांनाही मुद्दा सापडलेला नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. वनस्पतींमधल्या रसायनांचा कर्करोगाशी संबंध आहे आणि तो दोन्ही दिशांनी आहे. काही रसायनं वाचवतात, काही घडवतात. कोणतं रसायन काय करतं हे मात्रेवर, ते शरीरात शिरतं की नाही यावर आणि खाणारा कोण आहे यावर ठरतं. ते ‘नैसर्गिक’ आहे एवढ्यावरून काहीच ठरत नाही. जेवणातून कर्करोगाचा धोका कमी होतो, पण तो एखादं गुणकारी संयुग हुडकून ताटात घातल्याने कमी झाल्याचा पुरावा फार तोकडा आहे. अख्खं ताट बदलल्याने आणि काही गोष्टी तोंडात घालणं थांबवल्याने तो कमी होतो, याचा पुरावा त्यापेक्षा कितीतरी दणकट आहे. आणि थांबवायच्या गोष्टींत आपल्या माळव्यात पहिला नंबर लागतो तो एका शंभर टक्के नैसर्गिक, शंभर टक्के शाकाहारी, पूजेच्या ताम्हनात हळदीशेजारी बसणाऱ्या वस्तूचा. तिच्याबद्दल या वादात कोणीही अवाक्षर काढत नाही.

आधी पहिल्या बाजूचं जे खरं आहे ते मोकळेपणाने मान्य करू. कर्करोगावरची कित्येक औषधं झाडांतूनच आली आहेत. अंगणात बारमाही फुलणारी सदाफुली घ्या. तिची पानं मधुमेहावर देण्याची लोकांत चाल होती. ती तपासायला १९५० च्या दशकात कॅनडातले रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर बसले. साखर काही उतरली नाही, पण उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटलेल्या दिसल्या. त्यातून व्हिनब्लास्टिन मिळालं, पाठोपाठ व्हिनक्रिस्टिन, आणि लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाचं चित्र पालटलं. म्हणजे लोकपरंपरेने योग्य झाडाकडे बोट दाखवलं होतं, फक्त आजार भलता होता. पण पुढचा भागही सांगायला हवा. व्हिनक्रिस्टिन आठवड्याला फार तर दोन मिलिग्रॅम देतात, तेही शिरेतूनच. तेच चुकून पाठीच्या कण्यातल्या द्रवात गेलं तर रोगी दगावतो. या मात्रेचा सदाफुलीची पानं चावून खाण्याशी काय संबंध?

हे कळायला माळव्यातल्या माणसाला तर पुस्तकाची गरजच नाही. नीमच-मंदसौरकडे अफूच्या बोंडाला चिरा देतात, चीक गोळा करतात, सरकार तो तोलून आणि तपासून घेतं, आणि शेतकऱ्याचा पुढल्या वर्षीचा परवाना प्रतिहेक्टर किती मॉर्फिन निघालं यावर टिकतो. नीमचच्या सरकारी कारखान्यात त्या चिकातून वेगळी होणारी अल्कलॉइडं पुढे कर्करोगाच्या वेदनेवर कामी येतात. आणि त्याच बोंडातली खसखस आपण दिवाळीत अनारशांना लावतो. अनारसे खाऊन कोणाचं दुखणं थांबलंय का? झाड एकच आणि बोंडही एकच, पण एका ठिकाणी मात्रा मोजलेली आहे, दुसऱ्या ठिकाणी ती जवळजवळ नाहीच. अफूच्या बाबतीत हे आपल्याला सहज कळतं. हळदीचा विषय निघाला की तीच अक्कल कुठे जाते?

हळदीतल्या ज्या रसायनाचा एवढा गवगवा होतो ते कुर्कुमिन हळदीच्या पुडीत सरासरी तीन टक्क्यांच्या आसपास असतं. घरच्या स्वयंपाकात माणशी दिवसाला दोन ग्रॅम हळद गेली असं धरलं तर कुर्कुमिन झालं साठ मिलिग्रॅम. त्यातलं बहुतेक आतड्यातून शोषलंच जात नाही, आणि जे जातं ते यकृत झपाट्याने निकामी करतं. यावर कोणीतरी मिऱ्याचा दाखला देतोच, आणि तो दाखला खोटा नाही. बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं की दोन ग्रॅम कुर्कुमिनबरोबर मिऱ्यातलं पिपेरिन हे रसायन २० मिलिग्रॅम दिलं तर रक्तात पोचण्याचं प्रमाण वीसपट वाढतं. २० मिलिग्रॅम म्हणजे मिऱ्याचे सात-आठ दाणे. पण जवळजवळ शून्याची वीसपट म्हणजे किती? आणि मिरं हे साधतं कसं? यकृताचं आणि आतड्याचं औषधं निकामी करण्याचं काम अडवून. रोगी रक्त पातळ करणाऱ्या, फिट्सच्या किंवा कर्करोगाच्या गोळ्या घेत असेल तर त्या औषधांचाही हिशेब त्यामुळे बिघडू शकतो. नेदरलँड्समध्ये टॅमोक्सिफेन घेणाऱ्या स्त्रियांना कुर्कुमिन आणि पिपेरिन एकत्र दिलं, तेव्हा टॅमोक्सिफेनच्या सक्रिय रूपाची रक्तातली पातळी सुमारे १२ टक्क्यांनी घसरली. स्तनाचा कर्करोग परतू नये म्हणून गोळी घ्यायची आणि तीच गोळी ‘नैसर्गिक’ कॅप्सूलने बोथट करायची, असा हा प्रकार.

यावर चलाख प्रतिवादी म्हणेल की मोठ्या आतड्यात शोषणाचा प्रश्नच येत नाही, तिथे कुर्कुमिन थेट पोचतं. मुद्दा बरोबर आहे, आणि म्हणूनच त्याची परीक्षा तिथेच झाली. तीस दिवस रोज चार ग्रॅम कुर्कुमिन घेतलेल्या धूम्रपानकर्त्यांच्या आतड्यातले कर्करोगपूर्व सूक्ष्म बदल ४० टक्क्यांनी घटले, असं २०११ च्या एका प्राथमिक प्रयोगात दिसलं. आशा वाटावी असाच हा निकाल, पण त्यात तुलनेसाठी दिखाऊ, म्हणजे औषध नसलेली गोळी घेणारा गट नव्हता. पुढे आतड्यात शेकडो पॉलिप, म्हणजे छोट्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार असलेल्या ४४ रुग्णांवर पक्का प्रयोग झाला: निम्म्यांना रोज तीन ग्रॅम कुर्कुमिन, निम्म्यांना दिखाऊ गोळी, बारा महिने. २०१८ मध्ये निकाल आला. पॉलिपच्या संख्येत आणि आकारात दोन्ही गटांत फरक नव्हता. हे तीन ग्रॅम कुर्कुमिन स्वयंपाकातून मिळवायचं तर रोज शंभर ग्रॅम हळद खावी लागेल. महिन्याला माणशी तीन किलो!

मग प्रयोगशाळेतून रोज येणाऱ्या बातम्यांचं काय, असा प्रश्न येतो. काचेच्या बशीतल्या कर्करोगपेशी कशानेही मरतात, फिनेलनेही मरतात. कुर्कुमिनची शिवाय एक खोड आहे. ते स्वतः चमकतं, दिसेल त्या प्रथिनाला चिकटतं, गुठळ्या करतं, त्यामुळे चाचण्यांत ते प्रत्येक रोगावर गुणकारी असल्यासारखं दिसतं. औषधरसायनशास्त्रज्ञांच्या एका गटाने २०१७ मध्ये हे सविस्तर मांडलं, आणि १२० हून अधिक मानवी चाचण्या होऊनही दुहेरी अंध (खरी गोळी कोणाला मिळाली हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही ठाऊक नसलेली), दिखाऊ गोळीशी तुलना केलेली एकही यशस्वी झालेली नाही, असा निष्कर्ष काढला. ‘हळदीचं पेटंट घेता येत नाही म्हणून कोणी चाचण्या करत नाही’ हा मुद्दाही त्याच आकड्यापाशी संपतो. पेटंटचा मुद्दा काढणाऱ्यांना १९९५ ची गोष्ट ठाऊक असते: जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेत दिलं गेलं, आणि आपल्या सीएसआयआर या सरकारी विज्ञान संशोधन परिषदेने जुने ग्रंथ पुढे करून १९९७ मध्ये ते रद्द करवलं. तो विजय खरा होता. पण त्यातून ज्ञान जुनं आहे एवढंच सिद्ध झालं. ते कर्करोगावर लागू पडतं, हा खटला तिथे चाललाच नव्हता.

इतिहासात याहून मोठा धडा आहे, आणि तो हळदीचा नाही, गाजराचा आहे. अमेरिकी संशोधक मिचेल स्पॉर्न यांनी १९७६ मध्ये औषधी द्रव्यांनी कर्करोग आधीच रोखण्याच्या कल्पनेला नाव दिलं. १९८१ मध्ये ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ रिचर्ड डॉल आणि रिचर्ड पिटो यांनी अंदाज मांडला की अमेरिकेतले सुमारे ३५ टक्के कर्करोगमृत्यू आहाराशी निगडित असावेत. अंदाज कच्चा आहे, आकडा १० ते ७० मध्ये कुठेही असू शकतो, असंही त्यांनीच लिहिलं. भाज्या-फळं जास्त खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी दिसत होता, त्यांच्या रक्तात गाजरासारख्या भाज्यांतलं बीटा-कॅरोटिन जास्त दिसत होतं. मग सरळ गोळीच का देऊ नये? फिनलंडमध्ये २९,१३३ पुरुष धूम्रपानकर्त्यांवर प्रयोग झाला, बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांना रोज २० मिलिग्रॅम. १९९४ मध्ये निकाल आला: त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त. अमेरिकेत अठरा हजारांवर लोकांना बीटा-कॅरोटिन आणि अ जीवनसत्त्व दिलं. तिथे वाढ २८ टक्के निघाली आणि १९९६ मध्ये प्रयोग २१ महिने आधीच थांबवावा लागला. यातली खरी मेख फिनलंडच्याच आकड्यांत आहे. ज्यांच्या जेवणात सुरुवातीपासून बीटा-कॅरोटिन जास्त होतं, त्यांना कर्करोग कमीच झाला होता. म्हणजे गाजर, भोपळा, पालक खाणारा माणूस बरा होता, आणि त्याच पदार्थातलं एक रसायन उचलून, कित्येक पट करून गोळीत भरलं की उलटं झालं. एरवी ऑक्सिडीकरण रोखणारं (अँटिऑक्सिडंट) हे रसायन सिगारेटच्या धुरात आणि मोठ्या मात्रेत उलट वागतं, असं त्याचं स्पष्टीकरण पुढे आलं. व्हिटॅमिन ई ची कथा तीच. पस्तीस हजारांवर पुरुषांच्या अमेरिकी प्रयोगात नुसतं ई घेणाऱ्यांना प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी जास्त झाल्याचं २०११ मध्ये दिसलं.

‘गोळी अपायकारक, पण अन्न तर चांगलं’ असं म्हणणाऱ्याशी माझं भांडण नाही. फक्त मग त्याने ‘अँटिऑक्सिडंटयुक्त’ कॅप्सूल विकत घेऊ नये. अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या यकृताच्या इजांची नोंद ठेवणाऱ्या तज्ज्ञांनी २०२२ मध्ये हळदीच्या कॅप्सूलांमुळे यकृत बिघडलेल्या दहा जणांची माहिती दिली; त्यातला एक दगावला. वरणातल्या हळदीने असं होत नाही. आपल्याकडे १९५४ पासून कायदा आहे की कर्करोग बरा होतो किंवा टळतो अशी औषधाची जाहिरात करता येत नाही. डब्यावरची भाषा इतकी गुळमुळीत का असते, याचं कारण तो कायदा. आणि पुडीतल्या हळदीकडेही जरा डोळे उघडून बघावं. बांगलादेशात २०१९ मध्ये उघड झालं की हळकुंडांना पॉलिश करताना पिवळेपणासाठी लेड क्रोमेट चोळत होते. त्यात शिसं आहे आणि सहा संयुजेचं क्रोमियमही, जे निर्विवाद कर्करोगकारक आहे. कर्करोग टाळायला हळद वाढवणाऱ्याने हे हमखास लक्षात ठेवावं. ग्लासभर पाण्यात चमचाभर हळद टाकून न ढवळता ठेवावी. शुद्ध हळद तळाशी बसते आणि पाणी फिकट पिवळं राहतं. पाणी गडद पिवळं झालं तर पुडी फेकावी. अतिचकचकीत हळकुंड घेऊच नये.

‘परंपरेची परीक्षा घेणं म्हणजे तिचा अपमान’ असं ज्यांना वाटतं, त्यांना लांब जायला नको. १९२४ मध्ये होळकर संस्थानाने दिलेल्या जमिनीवर इंदुरात वनस्पती-उद्योग संस्था उभी राहिली, जिथे पुढे कृषी महाविद्यालय झालं. तिथे इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे रसायनशास्त्रातले सहकारी यशवंत वाड यांनी शेणखताची जुनी रीत गांभीर्याने घेतली. म्हणजे काय केलं, तर मोजली. काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचं प्रमाण, खड्ड्याची लांबी-रुंदी-खोली, ओलावा, किती दिवसांनी वरखाली करायचं, तीन महिन्यांत खत तयार होतं की नाही. १९३१ मध्ये ते छापून आलं आणि ‘इंदूर पद्धत’ जगभर गेली. १९३५ मध्ये गांधीजी ती बघायला इथे आले. परंपरेचा याहून मोठा सन्मान कोणी केला? पुढे हॉवर्ड यांनी मातीच्या आरोग्यावरून थेट माणसाच्या आरोग्यापर्यंत उडी मारली, आणि तिथे मात्र खताच्या खड्ड्याइतकी मोजदाद त्यांच्याजवळ नव्हती. एकच माणूस, मोजलं तिथे भक्कम, न मोजता बोलला तिथे डळमळीत.

मोजल्यावर परंपरेची बाजू वरचढ ठरते असंही घडतं, आणि ते लपवणं दुसऱ्या बाजूची लबाडी आहे. चीनच्या शांतुंग प्रांतात जठराचा कर्करोग फार. तिथे ३,३६५ लोकांवर प्रयोग झाला. काहींना सात वर्षांहून अधिक काळ लसणाचा अर्क आणि तेल, काहींना जीवनसत्त्वं, काहींना हेलिकोबॅक्टर या जठरातल्या जिवाणूवर फक्त दोन आठवडे औषध. बावीस वर्षांनी, २०१९ मध्ये, हिशेब लागला. लसूण घेणाऱ्यांत जठराच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने कमी होते. ज्यांच्या शेजारी मंदसौरची लसूणमंडी आहे त्यांना हे वाचून बरं वाटेल, आणि वाटावं. पण त्याच प्रयोगात, रोग होण्याचंच प्रमाण खात्रीने आणि सर्वांत जास्त, निम्म्याहून खाली, उतरवलं ते दोन आठवड्यांच्या औषधाने. लसणाचा परिणाम त्या कसोटीवर पक्का ठरला नाही. यातून लसूण खाऊ नये असं निघतं का? नाही. जठर सतत जळत असेल, घरात कोणाला जठराचा कर्करोग झाला असेल, तर लसणाची चटणी वाढवण्याआधी जिवाणूची तपासणी करावी, असं निघतं.

स्वयंपाकघरात काय करता येईल, हे सांगायलाच हवं, कारण ‘पुरावा नाही’ एवढं म्हणून निघून जाणाऱ्या तज्ज्ञाचं कोणी ऐकत नाही. अख्खी लसणाची पाकळी तेलात टाकली तर लसणाचं ज्याच्यासाठी नाव घेतलं जातं ते अॅलिसिन तिच्यात तयारच होत नाही. पाकळीत कच्चा माल एका कप्प्यात आणि त्याचं अॅलिसिन करणारं विकर (एन्झाइम) दुसऱ्या कप्प्यात असतं. ठेचल्यावर ते भेटतात, आणि उष्णतेने विकर मरतं. म्हणून लसूण ठेचून दहा मिनिटं तशीच ठेवावी, मग फोडणीत घालावी. कोबी, मुळा, नवलकोल, मोहरी या कुळातही हेच आहे. फोडणीतली मोहरी तडतडते पण झोंबत नाही. कोशिंबिरीत फेसून घातलेली मोहरी नाकात झिणझिण्या आणते, कारण पाण्यात वाटल्यावर विकराला काम करायला अवधी मिळतो. तो झोंबरेपणा म्हणजेच ज्या आयसोथायोसायनेटांवर संशोधक वर्षानुवर्षं काम करताहेत ती रसायनं. कोबी चिरून अर्धा-पाऊण तास ठेवावा, मग परतावा. आधीच शिजवून टाकला असेल तर वरून चिमूटभर कच्च्या मोहरीची पूड पेरली तरी विकर परत मिळतं. टोमॅटोचं उलट आहे. त्यातलं लायकोपिन तेलात शिजवल्यावर जास्त मिळतं. यातल्या कशानेही कर्करोग टळल्याची हमी मिळत नाही. फक्त खाताय तर ते वाया जाऊ देऊ नका, एवढंच.

सोयाबीनची गोष्ट इंदूरला जास्त लागू. सगळा माळवा ते पिकवतो, राष्ट्रीय सोयाबीन संशोधन संस्था आपल्याच गावात आहे, आणि आपण त्याचं तेल तेवढं खातो. ज्या आयसोफ्लेवोनांमुळे सोयाबीनचं नाव कर्करोगाच्या चर्चेत येतं ती तेलात उतरतच नाहीत. ती पेंडीत राहतात आणि कोंबड्यांच्या खाद्यात जातात. सोयाबीनने स्तनाचा कर्करोग वाढतो अशी भीतीही घातली जाते. शांघायमध्ये स्तनाचा कर्करोग झालेल्या पाच हजारांवर स्त्रियांच्या पाहणीत मात्र सोया-पदार्थ जास्त खाणाऱ्यांत मृत्यू आणि रोग परतणं कमीच दिसलं. दाणे वापरायचे तर रात्रभर भिजवून, पाणी टाकून, नीट शिजवूनच. कच्च्यात पचन अडवणारं द्रव्य असतं.

आता अख्ख्या ताटाचं. युरोपातल्या दहा देशांत पावणेपाच लाखांवर लोकांचा पाठपुरावा केला तेव्हा रोज २०० ग्रॅम भाज्या-फळं जास्त खाण्याने एकूण कर्करोग सुमारे तीन टक्क्यांनीच कमी दिसला. हा आकडा दोन्ही बाजूंना आवडणार नाही. पण मोठ्या आतड्याच्या कर्करोगापुरतं बोलायचं तर तंतुमय पदार्थांचा पुरावा बराच चांगला आहे, आणि रोज निदान ३० ग्रॅम तंतू हे वाजवी लक्ष्य आहे. सकाळच्या बशीभर पोह्यांत, पाऊणशे ग्रॅम कोरडे धरले तरी, जेमतेम अडीच ग्रॅम तंतू येतात. वरची शेव आणि सोबतची जिलबी धरायला नको. त्याच दिवसात प्रत्येकी ६० ग्रॅम पिठाच्या दोन ज्वारीच्या भाकऱ्या बारा ग्रॅम देतात, ४० ग्रॅम कोरड्या हरभऱ्याची उसळ दहा, एक पेरू आठ, आणि भाज्या मिळून आणखी सहा-सात. झालं काम. माळव्यातल्या घरांतून ज्वारी गेली आणि मैदा आला, त्यावर कोणी व्हॉट्सअॅपवर भांडत नाही.

‘हळद खाणाऱ्या भारतात कर्करोग कमी’ हा या वादातला सर्वांत लोकप्रिय युक्तिवाद. मोठ्या आतड्याचा कर्करोग आपल्याकडे पश्चिमेपेक्षा खरंच कमी आहे. पण आपली लोकसंख्या तरुण, लठ्ठपणा अलीकडचा, मांस कमी आणि नोंदणी अपुरी; यातलं किती श्रेय हळदीचं, हे कसं ठरवणार? आणि हाच न्याय लावायचा तर तो पुरता लावू. हाच हळद खाणारा भारत तोंडाच्या कर्करोगात जगात सर्वांत वरच्या देशांत आहे. भारतीय पुरुषांत हा पहिल्या क्रमांकाचा कर्करोग आहे. हळदीने तो का नाही रोखला?

कारण तिथे दुसरी वनस्पती काम करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या लिऑन इथल्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीला पहिल्या गटात घातलं, म्हणजे माणसात कर्करोग घडवणारी म्हणून निर्विवाद सिद्ध. तंबाखूसकट नव्हे, नुसती सुपारी. तिच्यातल्या अॅरेकोलिनपासून लाळेत कर्करोगकारक नायट्रोसअमाइनं तयार होतात. तिच्यात तांबं भरपूर असतं; गालाच्या आतल्या कोलॅजेनचे धागे एकमेकांत गुंतवून घट्ट करणाऱ्या विकराला ते चेतवतं, आणि गाल चामड्यासारखा कडक होतो. आणि तिच्यातली पॉलिफेनॉलं, तीच, ज्यांना चहाच्या डब्यावर अँटिऑक्सिडंट म्हणून मिरवतात, चुन्याच्या अल्कलीत उलटी फिरतात आणि पेशी जाळणारे ऑक्सिजनचे घातक रेणू बनवतात. ‘अँटिऑक्सिडंट म्हणजे चांगलं’ या समजुतीला याहून चोख उत्तर नाही. तोंडाचं उघडणं कमी होण्याच्या या विकारात केरळमधल्या ६६ रुग्णांचा सतरा वर्षं पाठपुरावा केला, तेव्हा ७.६ टक्क्यांना तोंडाचा कर्करोग झाला. आखडलेला गाल पूर्ववत होत नाही. सुपारी सोडली तर पुढची घसरण थांबण्याची शक्यता वाढते.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप सांस्कृतिक आहे. पान-सुपारी आपल्या मंगलकार्यात आहे, साखरपुड्यात आहे, गणपतीच्या जागी आपण सुपारीच मांडतो. खरं आहे. मांडलेल्या सुपारीने कोणाला काही होत नाही. ती चघळण्याचा प्रश्न आहे. मागच्या पिढ्या दुपारच्या जेवणानंतर अडकित्त्याने कातरून एखादं खांड तोंडात टाकत, असाही बचाव होतो. आज तिची जागा पाऊचने घेतली आहे, शाळकरी पोरंही पाऊच फोडतात, आणि लग्नाच्या पंक्तीत वाटली जाणारी गोड सुगंधी सुपारी लहान मुलांच्या हाती आपणच देतो. मध्य प्रदेशाने १ एप्रिल २०१२ पासून देशात सर्वांत आधी गुटख्यावर बंदी घातली. त्यावर बाजाराने तोडगा काढला तो असा: पानमसाल्याचं एक पाऊच, तंबाखूचं वेगळं, आणि मिश्रण गिऱ्हाइकाच्या तळव्यावर. बंदीचा नियम अन्नपदार्थात तंबाखू घालू नये एवढाच असल्याने सुपारी त्यातून निसटली. तंबाखू वगळलेला पानमसाला ‘निरुपद्रवी’ म्हणून चघळणारे जितके आहेत, त्यांना लिऑनचा तो २००४ चा निकाल कधी कोणी सांगितला आहे का?

आपल्याकडे ज्यांनी कर्करोगाचे मृत्यू प्रत्यक्ष कमी करून दाखवले त्यांच्याकडेही बघावं. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी टॉर्च घेऊन लोकांची तोंडं ठरावीक काळाने तपासली. तंबाखू किंवा दारूचं व्यसन असलेल्यांत तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले, असा २००५ चा निकाल. टाटा मेमोरियलने मुंबईच्या वस्त्यांत दीड लाख स्त्रियांवर केलेल्या प्रयोगात दहावीपर्यंत शिकलेल्या सेविकांनी गर्भाशयाच्या मुखावर पातळ अॅसेटिक आम्ल लावून पांढरे पडणारे डाग पाहिले. त्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. सौम्य अॅसेटिक आम्ल म्हणजे आपला सिरका. स्वयंपाकघरातल्या कशाने कर्करोगाचे मृत्यू कमी झाले असं कोणी विचारलं तर हळदीआधी सिरक्याचं नाव घ्यावं लागेल. फक्त तो प्यायचा नसतो.

इंदुरातली मराठी मंडळं आणि समाज आरोग्यावर व्याख्यानं ठेवतात तेव्हा ‘आहारातून कर्करोगावर मात’ हा विषय हमखास गर्दी खेचतो. त्या सभागृहात एक टेबल, एक टॉर्च, लाकडी पट्ट्या, हातमोजे आणि तासभर बसायला तयार असलेला एक दंतवैद्य एवढं पुरतं. प्रत्येकाने आपली मधली तीन बोटं उभी धरून वरच्या-खालच्या दातांमध्ये घालून पाहावीत. तीन जात नसतील, दोनच जात असतील, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावं. जिभेच्या कडा, जिभेखालची जागा, गालांची आतली बाजू आणि दोन्ही ओठांच्या मागचा भाग उजेडात पाहावा. न पुसला जाणारा पांढरा किंवा लाल डाग, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, तिखट लागताच होणारी जळजळ, यांपैकी काहीही आढळलं तर नाव लिहून तुकडा-तपासणीसाठी पाठवावं. तिशीपुढच्या बायकांसाठी सिरक्याची तपासणी सरकारी केंद्रांत कधी होते, त्याचं वेळापत्रक फळ्यावर लिहावं. आणि दारात पाहुण्यांसाठी ठेवलेल्या तबकात सुगंधी सुपारीऐवजी नुसती बडीशेप ठेवावी.